पांढरी हवी, हिरवी नको : घरच्या कॅमेम्बेरचे सात महिने

दिवाळीचा फराळ संपला त्या आठवड्यात मी पहिल्यांदा दुधात मुद्दाम बुरशी घातली. तारीख वहीत आहे : २६ नोव्हेंबर २०२३, रविवार. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या. "अगं, आम्ही जन्मभर बुरा येऊ नये म्हणून जपलं, आणि तू पैसे मोजून आणलीस?" त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि तेव्हा मलाही नीट सांगता येत नव्हतं. आता थोडं सांगता येईल. मी सुरुवात केली तेव्हा आपल्याकडच्या हवेत, आपल्या दुधात कॅमेम्बेर हे बुरशीने पिकणारं फ्रेंच चीज कसं करायचं ते मराठीत कुठे सापडलं नाही, म्हणून तारखा, खर्च आणि फसलेले घाट (एका वेळी केलेलं चीज म्हणजे एक घाट) सगळं लिहून ठेवते आहे.

आम्ही साताऱ्यात राहतो. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यावर हातात वेळ आला. तिच्याबरोबर एकदा तिथल्या दुकानात कॅमेम्बेरचा तुकडा चाखला होता. पांढरी मखमली साल, आत सायीसारखा मऊ गर, आणि वास थेट पहिल्या पावसानंतरच्या अळंबीचा. अळंबीला जो वास असतो त्यातला मुख्य घटक ही पांढरी बुरशीही तयार करते, हे नंतर कळलं. तो वास डोक्यातून गेला नाही.

सामान जमवायला तीन आठवडे गेले. बुरशीची पुडी (पेनिसिलियम कॅमेम्बर्टी, विक्रेते तिला 'कँडिडम' म्हणतात) ऑनलाइन मागवली, १,२५० रुपये. तिच्यासोबत जिओट्रिकम नावाची दुसरी पुडी ९०० रुपये, चीजचं विरजण ६५०, रेनेट (दूध घट्ट जमवणारं द्रव्य) २८०. पुड्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या आणि एका घाटाला चाकूच्या टोकावर मावेल एवढीच भुकटी घ्यायची, त्यामुळे एक पुडी कितीतरी महिने पुरते. रेनेट आपल्याकडे प्राणिजन्य चालत नाही, कायद्याने बंदी आहे. मिळतं ते सूक्ष्मजीवांपासून केलेलं. माझ्या बाटलीवर 'ऱ्हायझोम्युकर' असं बुरशीचं नाव होतं. ते नाव लक्षात ठेवा, त्याचा भाऊबंद पुढे भेटणार आहे.

दूध गाईचंच घेतलं. आमचे दूधवाले काका सकाळी सहाला ताजं आणून देतात, तेव्हा ५२ रुपये लिटर होतं. पिशवीतलं होमोजिनाइज्ड दूध नीट जमत नाही आणि टेट्रापॅकचं तर जमतच नाही, त्यावर पैसे घालवू नका. ९ लिटर दूध ६३ अंशांवर अर्धा तास ठेवून पाश्चराइज केलं, ३२ अंशांवर आणलं, त्यात विरजण आणि दोन्ही बुरशांची भुकटी पेरली. तासाभराने रेनेट. सव्वा तासात सुरीने स्वच्छ चिरेल असं जमलं. भोकं पाडलेल्या साच्यांत डावाने अलगद भरलं, दिवसभर उलटत राहिले, दुसऱ्या दिवशी मीठ लावलं. चार चकत्या झाल्या, प्रत्येकी साधारण पाव किलो. फ्रान्समधल्या नॉर्मंडीत, कॅमेम्बेरच्या मूळ प्रांतात, एका चकतीला सव्वादोन लिटरच्या आसपास दूध लागतं असं वाचलं होतं, हिशेब जुळला म्हणून फार बरं वाटलं.

मग मी त्या चकत्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. तिथेच चुकलं.

आठवडा झाला, काही नाही. नवव्या दिवशी साल पिवळट आणि कडक. सोळाव्या दिवशी, १२ डिसेंबरला, एका चकतीवर आठ आण्याएवढे दोन निळसर हिरवे ठिपके. मी जी पेरली ती उगवलीच नव्हती, आणि न बोलावलेली येऊन बसली होती.

त्या रात्री मी पहिल्यांदा 'कसं करायचं' सोडून 'का होतं' हे वाचायला बसले. चीजवर बुरशी येते याचं मूळ विरजणात आहे. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतात. ताजी चकती चांगलीच आंबट असते, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास. एवढ्या आंबटात दूध नासवणारे बरेचसे जिवाणू गप्प बसतात. बुरशीला मात्र आंबटाचं वावडं नाही, उलट ते आम्ल तिचं खाद्य आहे. म्हणजे विरजण बाकीच्यांना दार लावतं आणि बुरशीसाठी ताट वाढून ठेवतं. पनीरचं उलट आहे. ते लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडलेलं, धुतलेलं, कमी आंबट आणि ओलं, त्यामुळे त्यावर बुरशी दिसायच्या आधीच जिवाणू चिकटपणा आणतात.

ताट वाढलेलं असलं तरी जेवायला कोण बसणार हे थंडी, ओल, मीठ आणि हवा ठरवतात. माझ्या पांढऱ्या बुरशीला ११ ते १३ अंश आणि ९० टक्क्यांवर दमटपणा हवा. घरच्या फ्रिजमध्ये ४ अंश, आणि आतला पंखा सगळी ओल शोषून घेतो. ती तिथे गारठून बसली. फ्रिजमध्ये भाकरीवर, लिंबावर येणाऱ्या हिरव्या रानटी बुरशा त्या थंडीत सावकाश का होईना वाढतात. फ्रिज त्यांचा होता.

म्हणून डिसेंबरच्या मध्यावर जुना एकदारी फ्रिज घेतला, ४,५०० रुपये. त्याला तापमान बघून वीज तोडणारा कंट्रोलर लावला, १,१५०. आणि ३५० रुपयांचा आर्द्रतामापक. या स्वस्त मापकांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात थोडं मीठ घेऊन त्यात चार थेंब पाणी घाला, चिखलासारखं झालं पाहिजे. ते आणि मापक एका बंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. आकडा ७५ आला पाहिजे. माझा ६९ दाखवत होता. तेव्हापासून मी सहा मिळवून वाचते.

हे सगळं आई बघत होत्या. मीठ ओलं करून पिशवीत ठेवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मीठ पाणी ओढतं, त्यात काय नवीन? लोणच्यात मीठ कमी पडलं की बुरा आलाच समज." लोणच्याच्या बरणीबद्दल त्यांचे नियम सगळ्या घराला पाठ आहेत : फोडी उन्हात कोरड्या करायच्या, मीठ हात आखडून घालायचं नाही, वर चार बोटं तेल, ओला चमचा नाही. मी वाचत होते तेच या नियमांत होतं. मीठ फोडीतलं पाणी बांधून ठेवतं, तेल वरची हवा तोडतं, कोरडा चमचा नवी बीजं येऊ देत नाही. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या खुर्ची ओढून बसल्या. तेव्हापासून दोघी मिळून करतो.

दुसरा घाट १७ डिसेंबरला घातला. नवा फ्रिज १२ अंशांवर, चकत्या झाकणाच्या डब्यात, डब्यात ओला टॉवेल. दमटपणा भरपूर पाहिजे हे मनावर इतकं घेतलं होतं की झाकण गच्च लावलं.

चौथ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं आणि मागे सरकले. चकत्या दिसतच नव्हत्या. त्यांच्या जागी राखाडी केसांची चार पिल्लं निजल्यासारखी होती. केस दोन सेंटिमीटर तरी उंच, झाकणाला टेकलेले, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहून बारीक काळा दाणा. श्वासाने ते हलत होते. हाताने दाबलं तर सगळा फर विरघळल्यासारखा बसला आणि बोट राखाडी झालं. वास वाईट नव्हता, पावसाळ्यात बंद खोली उघडल्यावर येतो तसा होता.

ही म्युकर. फ्रेंच चीजवाले तिला 'प्वाल द शा', म्हणजे मांजराचे केस म्हणतात. रेनेटच्या बाटलीवरची ऱ्हायझोम्युकर हिच्याच कुळातली. एक बहीण दूध जमवून देते आणि दुसरी जमलेलं घेऊन जाते. फ्रान्समधल्याच सेंट-नेक्टेर किंवा तॉम द साव्हुआ या चीजवर म्युकरची राखाडी साल हवीच असते. तिथे ती घरची, कॅमेम्बेरवर मात्र चोर. तिची वाढ भयंकर वेगाची, आणि तिला ओलं अंग लागतं.

माझ्या चकत्या ओल्या का राहिल्या? साताऱ्याची डिसेंबरची थंडी. रात्री स्वयंपाकघरात १४-१५ अंश असतं. थंडीत दही लागत नाही, तेच इथे झालं. विरजण संथ चाललं, आम्ल कमी झालं, निवळ, म्हणजे जमलेल्या दुधातून सुटणारं पाणी, पुरती गळलीच नाही. पाणी धरून बसलेल्या चकत्या मी गच्च डब्यात कोंडल्या. चारही टाकल्या. फ्रिज आणि डबे आधी साबणाने, मग ब्लीचच्या पाण्याने पुसले, दार उघडं ठेवून दोन दिवस सुकवले. म्युकरचे दाणे उडतात, त्यामुळे असा डबा घरात उघडू नका. गॅलरीत न्या, तोंडाला फडकं बांधा.

१७ तारखेचा तो रविवार वाया गेला, ते मला लागलं होतं. ९ लिटर दूध, दोन दिवसांची मेहनत. नवरा म्हणाला, आता महिनाभर थांब. थांबले नाही, पण दिशा बदलली. २४ डिसेंबरला १० लिटरचं एक साधं कडक चीज केलं, पांढरी बुरशी न पेरता. जमलेलं दूध बारीक कापून, ढवळत गरम करून पाणी काढलं आणि साच्यावर पाट्याचा दगड ठेवून रात्रभर दाबलं. १ किलोला थोडी कमी अशी चकती झाली. ७ जानेवारीला निळ्या चीजचा एक गोळा केला, त्यात पेनिसिलियम रोकफोर्टी. तिन्ही जातीची चीज एकाच फ्रिजमध्ये ठेवली तर कोण काय करतं ते बघायचं होतं. बघायला मिळालं, किंमत मोजून.

निळ्या बुरशीची गंमत अशी की ती गोळ्याच्या आत असते, पण हवेशिवाय निळी होत नाही. इतर बुरशांपेक्षा तिला प्राणवायू कमी चालतो, कार्बन डायऑक्साइड ती जास्त सोसते, म्हणून आतल्या फटींमध्ये तिचं निभतं. फटी मात्र लागतात. म्हणून गोळा दाबायचा नसतो, आणि आठवड्याभराने सुयांनी आरपार भोसकायचा असतो. मी विणकामाची सुई उकळून घेतली आणि भोगीच्या दिवशी, १४ जानेवारीला, तीसेक भोकं पाडली. फ्रान्समधल्या रोकफोर गावी काँबालू डोंगराच्या गुहांमध्ये हे चीज पिकतं, आणि तिथल्या कातळातल्या भेगांमधून येणारा गार दमट वारा त्याला लागतो. तिथली बुरशी पूर्वी राय नावाच्या धान्याच्या पावांवर वाढवून घेत.

त्याच दिवशी कॅमेम्बेरचा तिसरा घाट घातला. एकीकडे तिळाची भाकरी आणि भोगीची भाजी, दुसरीकडे साचे. या वेळी साचे रात्री बंद कपाटात गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी ठेवले, २१ अंशांवर. निवळ छान गळली. म्युकर आली नाही. पण तिला अडवायच्या नादात मी जिओट्रिकमची भुकटी जास्त घातली. जिओट्रिकम ही अर्धी यीस्ट, अर्धी बुरशी. ती सगळ्यात आधी पसरते, आम्ल खाऊन पृष्ठभाग सौम्य करते, जागा अडवून म्युकरला थोपवते आणि पांढरीसाठी अंथरूण घालते. जास्त झाली की तीच मालकीण होते. आठव्या दिवशी चकत्यांवर मेंदूसारख्या वळ्या पडल्या, बाराव्या दिवशी साल आतल्या गरावरून सुटून हातात आली. फ्रेंच लोक याला बेडकाची कातडी म्हणतात. त्यात सुरकुत्यांमधून निळे ठिपके! शेजारच्या डब्यातल्या निळ्या गोळ्याची बीजं माझ्याच हातांनी, त्याच फडक्याने इकडे आली होती.

तेव्हापासूनचा नियम : आधी पांढरं हाताळायचं, मग कडक, सगळ्यात शेवटी निळं. निळ्याची फडकी वेगळी. आणि शक्य असेल तर निळं त्या फ्रिजमध्ये ठेवायचंच नाही.

जानेवारीच्या शेवटी थकले होते. तोपर्यंतचा खर्च १३ हजारांच्या पुढे गेला होता, आणि खाण्यासारखं काही हातात नव्हतं. त्याच दिवसांत फ्रान्सच्या सीएनआरएस या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सांगितलेली एक गोष्ट वाचली. कॅमेम्बेरची साल पूर्वी अशी शुभ्र नव्हतीच. विसावं शतक उजाडेपर्यंत ती करडी, निळसर, मधूनच नारिंगी असायची. मग शुभ्र रंगाचा एकच वाण निवडला गेला, आणि शंभरावर वर्षं त्याचंच कलम पुढे चालू आहे, नवीन संकर नाही. त्यामुळे त्या वाणाची बीजं धरायची ताकद आता खालावत चालली आहे, इतकी की चीजवाल्यांना पुरेशी बीजं मिळणं अवघड होतंय. माझ्या फ्रीझरमधली १,२५० रुपयांची पुडी त्या एका कलमाची भुकटी होती. तिला रानटी बुरशांशी झुंजता येत नाही यात तिचा दोष नाही, तिला शेतातल्या रोपासारखी निंदणी-खुरपणी लागते. हे समजल्यावर माझा राग गेला. रोज सकाळी सात वाजता फ्रिज उघडताना मी वेगळ्या नजरेने बघायला लागले.

चौथा घाट ११ फेब्रुवारीला. बदल लिहून ठेवते, कारण फरक यांनीच पडला. भुकटी घेताना जिओट्रिकम पांढरीच्या निम्मं. साचे रात्री २१ अंशांवर. मीठ चकतीच्या वजनाच्या २ टक्के, वजनकाट्यावर मोजून. अंदाजाने घातलं तर कमी पडतं आणि म्युकरला वाट मिळते, जास्त झालं तर जिओट्रिकम मरते. मीठ लावल्यावर लगेच डब्यात नाही, एक पूर्ण दिवस बाहेर जाळीवर, हात लावला तर ओलं लागणार नाही इतकं सुकेपर्यंत. डब्याला झाकण, पण एका बाजूला काडी अडकवून फट. रोज चकत्या उलटायच्या आणि झाकणाला आतून जमलेले थेंब पुसायचे. हा शेवटचा मुद्दा कुणी सांगितला नव्हता. तो थेंब चकतीवर पडतो तिथेच पहिला काळा ठिपका उठतो.

१६ फेब्रुवारीला आईंनीच आधी पाहिलं. त्या सकाळी देवपूजा आटोपून फ्रिज उघडायला लागल्या होत्या. "ये गं, बघ, पिठी साखर भुरभुरल्यासारखं दिसतंय." तिरप्या उजेडात चकतीच्या कडेला खरंच एक धुरकट लव होती. दुसऱ्या दिवशी ती कापसासारखी. दहाव्या दिवशी चारही चकत्या पूर्ण पांढऱ्या. उलटताना तळहाताने हलकेच थापटायचं, नाहीतर कापूस फार उंच वाढतो. बाराव्या दिवशी, २३ तारखेला, चीजच्या खास कागदात गुंडाळून त्या घरच्या थंड फ्रिजमध्ये हलवल्या. आता तिथली थंडी कामाची होती, पिकणं सावकाश होतं. प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळू नका, आतल्या बुरशीला श्वास लागतो, कोंडली की अमोनियाचा वास धरते.

हे पिकणं कसं होतं ते मला सगळ्यात आवडलं. बुरशीचे धागे गरात खोल उतरत नाहीत, सालीतच राहतात. ती तिथे बसून आधी आम्ल संपवते, मग प्रथिनं तोडते, त्यातून अमोनिया सुटतो. सालीजवळचा पीएच साडेचारवरून सातच्या दिशेने चढत जातो. आतलं कॅल्शियम त्या ओढीने बाहेर सालीकडे सरकतं, आणि ज्याने गर ताठ धरून ठेवला होता तेच निघून गेल्यावर गर कडेकडून मऊ होत आत येतो. म्हणून कच्चा कॅमेम्बेर कापला तर कडेला मऊ आणि मध्ये खडूसारखी पट्टी दिसते.

१७ मार्चला, पस्तिसाव्या दिवशी, पहिली चकती कापली. सुरी सालीत किंचित अडली, मग काही अडथळाच नाही. फोड बाजूला सरकवली तेव्हा कडेचा गर फुगून आला आणि थांबला, ओघळला नाही. मध्ये करंगळीच्या पेराएवढी पांढरी खडूची रेघ उरली होती. रंग जुन्या हस्तिदंतासारखा. पुण्यात आला होता तोच अळंबीचा वास, त्याच्या मागे अगदी हलका अमोनिया, जो दहा मिनिटं उघडं ठेवल्यावर गेला. आईंनी साल काढून खाल्लं, मग थोडा वेळ थांबून सालही खाल्ली. म्हणाल्या, "दुधाच्या खरवडीसारखं लागतंय." मला त्याहून नेमकं वर्णन अजून सुचलेलं नाही.

धाकटी नणंद तेव्हा पाचव्या महिन्यात होती, तिला दिलं नाही. हे नीट सांगायला हवं. साल सौम्य झाली की सुरुवातीचं आंबटपणाचं कवच जातं, आणि लिस्टेरिया हा जिवाणू थंड फ्रिजमध्येही वाढू शकतो. गरोदर बायका, फार म्हातारी माणसं, प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांनी असं मऊ चीज टाळावं. दूध पाश्चराइज न करता हे घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग फ्रान्समध्ये कच्च्या दुधाची परंपरा कितीही जुनी असो.

त्याच महिन्यात बाकीची दोन्ही कापली. निळा गोळा १० मार्चला. सुयांच्या भोकांमधून निळ्या रेघा सरळ गेल्या होत्या, वाटेत फट लागली तिथे फुलल्या होत्या. पण एका बाजूला मी साचा भरताना हाताने दाबलं होतं, तिथे एकही ठिपका नव्हता, नुसतं पांढरं. कडक चकती ३१ मार्चला, चौदा आठवड्यांनी. तिच्यावर दर आठवड्याला हिरवे, तपकिरी ठिपके यायचे आणि मी मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसायचे. कापल्यावर आत काहीच नाही, सालीपासून दोन मिलिमीटरवर स्वच्छ पिवळा गर. दाबून पाणी काढलेलं, फटी नसलेलं, हवा नसलेलं. बुरशीला आत जायला वाटच नव्हती.

बाजारातल्या चीजबद्दल मला आता कुणी विचारलं तर याच अनुभवावरून सांगते. कडक, घट्ट चीजवर ठिपका आला तर त्याच्या भोवतीचा आणि खालचा अडीच सेंटिमीटर भाग कापून टाका, सुरी बुरशीतून ओढू नका, बाकीचं चालतं. मऊ, ओलं, किसलेलं किंवा काप केलेलं असेल आणि त्यावर बुरशी मुळात नसायला हवी असेल, तर सगळं टाका, कारण ओल्या आणि भुसभुशीत चीजमध्ये ती न दिसता पसरलेली असते. प्रोसेस्ड चीज इतके दिवस टिकतं कारण ते वितळवताना तापवलेलं असतं, हवाबंद असतं आणि बहुधा परिरक्षकही असतं. पाकीट एकदा उघडलं की तेही इतरांसारखंच.

आता कागदपत्रं. एप्रिलमध्ये ओळखीच्या दोघींनी विकत मागितलं. खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी हवीच, घरी केली तरी. २०२४ च्या नियमाप्रमाणे वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असल्याने मला साधी नोंदणी पुरली, फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती. अर्ज 'फॉसकॉस' या पोर्टलवर स्वतः भरता येतो, एजंटने २,५०० मागितले होते, ते देऊ नका. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. पाडवा झाल्यावर, १२ एप्रिलला अर्ज केला. व्यवसायाच्या प्रकारात मी घाईत 'किरकोळ विक्री' निवडलं होतं, बनवणाऱ्याला 'उत्पादक' निवडावं लागतं. शिवाय वीजबिल सासऱ्यांच्या नावावर. अर्ज परत आला. आईंच्या सहीचं संमतिपत्र आणि सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला जोडून पुन्हा भरला. आईंनी सही करताना तारीखही स्वतः घातली. २१ मे रोजी चौदा आकडी क्रमांक आला.

साध्या नोंदणीला चाचणी मागितली नाही, पण तपासल्याशिवाय दुसऱ्याच्या घरी द्यायची माझी तयारी नव्हती. पुण्यातल्या एनएबीएल (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या एका प्रयोगशाळेत दोन चकत्या बर्फाच्या डब्यातून नेऊन दिल्या. तिथल्या छापील यादीत 'यीस्ट आणि बुरशी' ही चाचणीही होती. हे बुरशीनेच पिकवलेलं चीज आहे, असं फोनवर आणि अर्जावर दोन्हीकडे स्पष्ट सांगा, नाहीतर निकाल पाहून घाबराल. ती चाचणी वगळली. लिस्टेरिया, साल्मोनेला, स्टॅफिलोकोकस, कोलिफॉर्म, एवढ्यांचे ४,१०० रुपये. नऊ दिवसांनी अहवाल आला. त्या नऊ दिवसांत मी नवा घाट घातला नाही, हात धजावला नाही. लिस्टेरिया २५ ग्रॅममध्ये नाही, साल्मोनेला २५ ग्रॅममध्ये नाही, बाकी मर्यादेत. कागद आईंना वाचून दाखवला, त्यांनी तो देवघरातल्या कोनाड्यात ठेवला. लेबलवर घटक, हिरवा ठिपका, घाटाचा क्रमांक, तयार केल्याची आणि वापरायची तारीख, नोंदणी क्रमांक, आणि मी स्वतःहून घातलेली एक ओळ : 'पांढरी साल ही खाण्याची बुरशी आहे. गरोदर स्त्रियांनी खाऊ नये.'

जूनच्या पहिल्या आठवड्यात चार चकत्या गेल्या, ३८० रुपयांना एक. त्यात दूध, पुड्या आणि कागद निघतात, फ्रिजचे पैसे अजून निघायचे आहेत.

आज १६ जून. पाऊस लागला आहे. चपला, पट्टे, कपाटातली पुस्तकं, सगळ्यांवर हिरवी पूड दिसायला लागली. आईंनी लोणच्याच्या बरणीवर फडकं बांधून तेल पुन्हा एकदा तपासलं. मी सहावा घाट काल डब्यात ठेवला. बाहेरची हवाच एवढी ओली आहे की डब्यातला टॉवेल काढून टाकला, झाकणाखाली एका काडीच्या जागी दोन घातल्या. मापक ८६ दाखवतो आहे, म्हणजे ९२. चकत्यांवर अजून काही नाही. आई दर तासाला विचारताहेत.